उतार नसलेली डबी

“कुणी बोलायचं नाही, मदत करायची नाही. नुसते आजींचे हात बघायचे,” नव्या मॅडम दबक्या आवाजात सांगत होत्या, आणि नेमके त्याच वेळी साचेसर चपला काढून दारात उभे राहिले.

बघतात तो काय, त्यांच्याच घरात त्यांच्याच कॉलेजातली पोरं जमिनीवर फतकल मारून बसलेली. मधे खुर्चीत आई आणि आईच्या मांडीवर औषधांची डबी. ती डबी साचेसरांनी स्वतः केलेली होती. सागवानी, सरकत्या झाकणाची, आणि झाकण असं चपखल की मुंगीलाही आत जायला फट सापडू नये. वस्तूंची रचना आणि उत्पादन हा विषय शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता. साच्यांवर तर त्यांचा इतका जीव, की पोरांनी त्यांचं नावच साचेसर ठेवून टाकलं होतं. घरी पाहुणा आला की चहाच्या आधी ती डबी त्याच्या हातात जायची. “सांधा कुठे आहे, दाखवा बरं शोधून!” पाहुणा बिचारा डबी उलटीपालटी करायचा आणि साचेसर मिशीतल्या मिशीत हसायचे.

आईने झाकणाला अंगठा लावला. सांधेदुखीने वाकडी झालेली तिची बोटं लाकडावरून घसरली. तिने पुन्हा लावला, पुन्हा घसरला. मग तिने शांतपणे मागच्या भिंतीवर थाप मारली. शेजारीण ओले हात पुसत आली, डबी उघडली, गोळ्या काढून आईच्या तळहातावर ठेवल्या आणि आल्या पावली परत गेली. एका शब्दाचीही गरज पडली नाही.

“आजी, रोज असंच?” एका उंच मुलीला राहवलं नाही.

“रोजच गं. पण तुमच्या सरांना सांगू नका हं. फार जीव ओतून केलीय त्याने.”

एवढं बोलून आईने मान वर केली, तर सर समोर. पोरांनी पटापट माना खाली घातल्या. साचेसरांना भर वर्गात कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. काहीतरी पुटपुटत ते आत गेले आणि तोंडावर पाणी मारत बसले.

“अहो, मीच बोलावलं त्यांना,” बायको मागोमाग आली. “मॅडमना वर्गासाठी एक म्हातारं माणूस हवं होतं. आईही हो म्हणाल्या.”

“माझ्या आईच्या हातांत काय बघायचंय त्या बाईला?”

“जे तुम्ही बघितलं नाही ते. आणि पोटात दुखतंय तर दुखतंय म्हणा, उगाच नळाशी भांडू नका.”

दुखतच होतं. नव्या मॅडम कॉलेजात आल्या काय आणि पोरं त्यांच्यामागे लागली काय! पूर्वी पोरं साचेसरांच्या टेबलाभोवती घुटमळायची. आता मॅडमच्या खोलीतून हसण्याचे आवाज यायचे आणि साचेसरांचा चहा एकट्याने व्हायचा. तेही त्यांनी गिळलं असतं. पण पोटच्या मुलापासून लपवलेली गोष्ट आईने त्या परक्या बाईसमोर उघडी करावी, हे काही केल्या त्यांच्या घशाखाली उतरेना. मला का नाही सांगितलं, हे आईला विचारायलाही जीभ रेटेना. त्या दिवसापासून मॅडमचा नुसता आवाज कानावर आला तरी त्यांचं डोकं तडकायचं.

पोरांनी आईसाठी नवी डबी आखली. प्लॅस्टिकची, आणि झाकणाला एका बाजूने तळहाताएवढं रुंद पान. बोटांचं काही कामच नाही, त्या पानावर नुसतं मनगट टेकलं की झाकण वर. साचेसरांनी नकाशा पाहिला आणि त्यांच्या मनात पहिला विचार आला तो हा, की हे मला का सुचलं नाही? दुसरा विचार त्यांना आवडला. डबीच्या भिंती सरळ होत्या. अगदी उभ्या, वरपासून खालपर्यंत.

हे त्यांच्या पहिल्याच तासाचं शिक्षण. दरवर्षी ते वर्गात बादल्या घेऊन जात, एकीत एक बसवत आणि पुन्हा सुट्या करत. बादली खाली निमुळती असते म्हणून ती बाहेर येते. साच्यातल्या वस्तूलाही असाच किंचित उतार हवा. नाहीतर थंड होताना प्लॅस्टिक आकसतं, साच्याच्या आतल्या गाभ्याला मिठी मारतं, आणि मग सुटता सुटत नाही. मॅडम आईच्या हातांच्या नादात हा उतार विसरल्या होत्या, आणि पोरं मॅडमच्या नादात.

कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये एक रीत होती. साचा कापण्याआधी नकाशा फळ्यावर एक दिवस टांगायचा. ज्याला चूक दिसेल त्याने लाल पेन्सिलीने खूण करायची. खूण नसेल तर नकाशा पास. ती लाल पेन्सिल म्हणजे साचेसरच, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांच्या हाताखालून एकही नकाशा कधी कोरा सुटला नव्हता.

त्या दिवशी ते फळ्यासमोरून कितीदा तरी गेले. पेन्सिल खिशातच राहिली. पडेना का तोंडघशी, ते मनात म्हणाले, बघू दे पोरांना त्यांच्या मॅडमची हुशारी. आईला डबीची वाट पाहायला लागेल, हेही मनात येऊन गेलं. त्यांनी ते बाजूला सारलं.

संध्याकाळी पोरांनी कोरा नकाशा उतरवला आणि एकच गिल्ला केला. “साचेसरांनी एकही खूण केली नाही!” उंच मुलगी तर धावत त्यांच्याकडे आली. “थँक्यू, सर! आम्हाला वाटलं होतं, तुम्ही रागावलाय.” मॅडमही मागून येऊन म्हणाल्या, “सर, तुम्ही पास केलंत म्हणजे माझा जीव भांड्यात पडला.” साचेसर कसनुसं हसले. जिंकल्याची चव अशी तुरट लागेल, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

व्हायचं तेच झालं. मशीनचा दांडा खाली आला, गरम प्लॅस्टिक साच्यात गेलं, साचा उघडला. झाकण टुणकन बाहेर पडलं. डबी मात्र गाभ्याला जी चिकटली ती चिकटलीच. पोरांनी ठोकून पाहिलं, पाचर मारून पाहिली. शेवटी स्क्रू ड्रायव्हरने उचकटली, तेव्हा ती काठाचा एक टवका गमावून बाहेर आली आणि गाभ्यावर भलाथोरला ओरखडा उठला. साचेसर कोपऱ्यात उभे राहून हे पाहत होते. आता मॅडम आपल्याकडे बोट दाखवतील म्हणून त्यांनी उत्तरही तयार ठेवलं होतं.

“चूक माझी,” मॅडम पोरांना म्हणाल्या. “भिंतींना उतार द्यायचा राहिला. साचा पुन्हा करू.”

पोरं पांगली तेव्हा त्या साचेसरांजवळ आल्या. “सर, तुम्हाला दिसलं नसेल, हे मला पटत नाही.”

“दिसलं होतं.”

मॅडमनी आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. “आजींना आज डबी देतो म्हणून शब्द दिला होता पोरांनी,” एवढंच त्या म्हणाल्या आणि साचा पुसायला लागल्या.

साचेसर घरी पोचले तर आई खिडकीशी बसलेली. पोरं तीच टवका उडालेली डबी जाता जाता देऊन गेली होती.

“हे बघ गंमत,” आई म्हणाली. तिने पानावर मनगट टेकलं. झाकण उघडलं. तिने बंद केलं, पुन्हा उघडलं. गोळी घ्यायची वेळ झाली नव्हती, तरी ती उघडत राहिली. इतकं खूश साचेसरांनी तिला कधी पाहिलं होतं, आठवेना. त्यांच्या मनात आलं, ही डबी माझी असायला हवी होती, माझ्या हातची.

“फुटकी आहे ती,” ते म्हणाले.

“असू दे. उघडते ना.” आईने टवक्यावर बोट ठेवलं. “एवढी कड तेवढी बोचते रे. घासून देतोस?”

ते मग पेटीतून बारीक कानस काढून आईच्या पायाशी बसले. टवक्याची धार हळूहळू मोडली, पांढरा भुगा मांडीवर पडला. स्वतःचा अंगठा काठावरून फिरवून त्यांनी पाहिलं. गुळगुळीत होतं. नेहमीसारखं “झालं” म्हणायला तोंड उघडलं, आणि मिटलं.

“आई, तू बघ हात लावून,” ते म्हणाले.

तिने वाकडं बोट काठावरून सावकाश फिरवलं.

“अजून थोडं,” आई म्हणाली.

साचेसर पुन्हा घासू लागले.