गवताच्या भावाने मजुरी

बोईसरला माझी गवताची वखार होती. डोंगरातलं गवत दाबून गासड्या बांधायच्या आणि मुंबईच्या तबेल्यांना पाठवायच्या, हा धंदा. वर्तमानपत्र रोज वाचायचो, त्यामुळे जगातलं सगळं आपल्यालाच कळतं असा तोरा होता. चुलीत घाला तो तोरा.

कापणीची मजुरी दिवाळीनंतर रोख द्यायची पद्धत. नव्वद साली माझ्याकडे कापणीला येणाऱ्या जिवल्याने ती नेऊन घरात ठेवली. पुढच्या पावसाळ्यात तांदूळ इतका महागला की त्याच्या बायकोने, ठकीने, कडू कंद उकडून दिवस काढले. म्हणून एक्याण्णवला दोघं म्हणाली, रोख नको. मजुरीइतकं गवत आमच्या नावाने वखारीतच ठेवा, पावसाच्या तोंडावर विकेल त्या भावाने पैसे द्या. मी शाबासकी दिली. महागाई थांबत नाही, गवत दीडपट होणार, असं छातीठोकपणे सांगितलं. सगळे वखारवाले तेच धरून बसले होते. कुणी गासडी सोडत नव्हतं, म्हणून भाव चढत होता.

संक्रांतीला बँकेने बोलावलं. साहेब म्हणाले, महागाई वाढणार या भरवशावर लोक माल दाबून ठेवतात, म्हणून रिझर्व्ह बँकेने व्याज चढवलंय. तुमचं कर्ज आता वीस टक्क्यांनी. माल विका. पटण्यासारखं होतं, म्हणूनच जास्त राग आला.

होळीच्या आत सगळ्यांनीच माल काढला. भाव दिवाळीच्या निम्म्यावर आला. जिवल्याचा वाटा बाजूला ठेवायला हवा होता. मी तोही विकला.

पावसाच्या तोंडावर जिवल्या आणि ठकी रिकामी गोणी घेऊन आली. ठरल्या बोलीने, विकलं त्या भावाने, मी निम्मीच मजुरी हातावर ठेवली. लाज वाटत होती, म्हणून जास्तच बोललो. व्याज महाग केलं की माल स्वस्त होतो, सरकारने मुद्दाम केलंय, वगैरे.

जिवल्याने नीट ऐकून घेतलं. "मंग तांदूळपन उतरला असंल ना, शेट?"

समोरच्या दुकानात तांदूळ कालच आठ आण्यांनी चढला होता. मला ते माहीत होतं.

"उतरेल," मी म्हणालो.

ठकीने गोणीची घडी केली. जिवल्याने पैसे परत माझ्यापुढे ठेवले. "मंग तुमच्याजवलच राहू द्या. उतरला का नेतू."

दुसऱ्या दिवशी बँकेचं व्याज भरायचं होतं. मी ते पैसे ठेवून घेतले.