नऊचे ठोके

चातुर्मासात कमलबाई सकाळच्या आंघोळीनंतर मौन धरत, ते टॉवरच्या घड्याळात नऊचे ठोके पडले की सोडत. जळगावच्या भाजीबाजारात हे सगळ्यांना ठाऊक. त्या बोट दाखवत, भाजीवाले तोलून देत.

त्या दिवशी लोटनच्या दुकानी त्यांच्यापुढे शेजारच्या लताबाई होत्या. त्यांना दीड किलो बटाटे हवे होते. लोटननं एका पारड्यात दोन किलोचं माप टाकलं, दुसऱ्यात बटाट्यांसोबत अर्ध्या किलोचं, आणि बोलता बोलता ते पारडं मापासकट लताबाईंच्या पिशवीत ओतलं. कमलबाईंनी पाहिलं. हात उचलेपर्यंत लताबाई गर्दीत शिरल्या होत्या.

थोड्या वेळानं लोटन माप शोधू लागला. शेजारी सातपुड्यातली सोनीबाई करटुल्यांच्या रानभाजीची टोपली घेऊन बसलेली.

"सोने, मन्हं माप कोठे शे? टोपली दखाड!"

"मी काय करू भाऊ तुन्हा मापले? चुल्हावर शिजाडू?"

लोक हसले. लोटनला ते झोंबलं.

कमलबाईंनी वर टॉवरकडे पाहिलं. काटा नवाला टेकतच आला होता. ठोके पडले की सांगू, एवढ्यासाठी व्रत कशाला मोडायचं? त्या मनात जप करत राहिल्या.

लोटननं टोपली पालथी केली. करटुली चिखलात, लोकांच्या पायांखाली गेली. सोनीबाईनं पदर झटकून दाखवला. "दख, बठ्ठं दख!" मग रिकामी टोपली उचलून ती चालू लागली.

ठोके पडलेच नाहीत. घड्याळ बंद पडलं होतं.

तेवढ्यात लताबाई परतल्या. "लोटनभाऊ, हे पण शिजवायचं का?" म्हणत त्यांनी माप पुढं केलं.

लोटन ओशाळला. कमलबाई उभ्या होत्या त्या जागेकडे बोट करून म्हणाला, "अक्का, तुम्ही तर आठेच व्हत्यात. पन तुमन्हं मौन." आणि त्यानं भक्तीनं हात जोडले.

ते हात कमलबाईंना सोसवेनात. त्या धापा टाकत एस.टी. स्टँडवर पोचल्या. सोनीबाई चोपड्याच्या गाडीत चढत होती.

"सोनीबाई, मी पाहिलं होतं. माप गिऱ्हाइकाच्या पिशवीत गेलं."

सोनीबाई पायरीवर थांबली. "तवय काब्र बोलनी नई, माय?"

"मौन होतं."

"बठ्ठा बाजारमा मी चोर झायी." तिनं स्टँडभर हात फिरवला. "आठे कोन शे ऐकाले?"

गाडी गेली. कमलबाई बाजारात आल्या. लोटननं सवयीनं पुन्हा हात जोडले.

"नको जोडूस," त्या मोठ्यानं म्हणाल्या. आसपासचे तराजू थांबले. "माप पिशवीत जाताना मी पाहिलं होतं. सोनीबाईवर आळ येत होता, आणि मी गप्प उभी होते."

"अक्का," लोटन हळूच म्हणाला, "एक डाव हात तरी धरता मन्हा."

कमलबाई खाली बसल्या आणि चिखलातली करटुली पदरात वेचू लागल्या.