मामाचा मान

माझा भाऊ जगन रोजचा पिणारा नाय, हे आधीच सांगते. नायतर लोक लगेच नाक मुरडतात. खर्डीजवळच्या पाड्यात भात लावतो, मिळेल ती मजुरी करतो नि सणासुदीलाच काय ती घेतो. पण माझ्या पोराच्या, मंगेशच्या हळदीला तो नवऱ्याचा मामा होता. आमच्यात हळदीला येणारं प्रत्येक घर मामाच्या हातात एक ग्लास देतं. परत केला तर त्या घराचा अपमान. नि आमचा पाडा काय लहान हाय?

सकाळपासून पोटात घास नाय नि ग्लासावर ग्लास. दुपारी मला विचारतो, "ताई, नवरी कुठल्या गावची गो?" अरे, सोयरीक यानंच जमवलेली! मग भडभडून ओकला, तोंड पुसलं नि पुढचा ग्लास घेतला. मी ओरडले तर बाया म्हणतात, "असू दे गो, मान हाय त्याचा." जळो तो मान!

देव मांडलेले, ढोल चालू. जगन ढोलापुढं उभा राहिला, थरथरला नि धाडकन आडवा झाला. लखमा भगत पुढं आला. "मामाच्या अंगात वारं आलंय. कुणी हात लावू नका." अंगात आलेल्याला आमी शिवत नाय. देव आपणहून उतरेपर्यंत वाट बघायची. ढोल थांबला, सगळी हात जोडून बसली. मीपण बसले. त्याची बायको ललिता तर आनंदानं रडत होती, नवऱ्याच्या अंगात पयल्यांदा देव आला म्हणून.

तेवढ्यात मला त्याचा श्वास ऐकू आला. घुर्र करून आला नि थांबला. थांबलाच. मी माझा श्वास धरून बसले. मला सोसेना, तरी त्याचा येईना. मग आला एकदाचा. ओठ बघितले तर जांभळे. माझ्या आईच्या अंगात यायचं, तेव्हा तिच्या शेजारी चुलीसारखी धग लागायची. मी उठले नि त्याच्या कपाळाला हात लावला.

"हिराबाय!" लखमा ओरडला.

कपाळ गारठलेलं, चिकट. दंडाला जोरात चिमटा काढला, पापणी हलली नाय.

"देव असा गार नसतो, भगता! माझा भाऊ मरतोय!"

कुणीतरी लिंबूपाणी घेऊन धावलं. "शुद्ध नाय त्याला, गिळंल कसा? मारता काय, मेल्यांनो?" म्हणत मी त्याला कुशीवर वळवला, तशी तोंडातून ओकारी भळाभळा बाहेर आली. उताणा असता तर तीच छातीत गेली असती. ते बघून लखमाचा चेहरा उतरला. रिक्षा आणायला तोच धावला.

शहापूरपर्यंत जगनचं डोकं माझ्या मांडीवर, तोंड बाजूला वळवलेलं. श्वास म्हणजे काय, चालतो आपला, असंच मला आजवर वाटायचं. एवढा भाताची पोती उचलणारा बाप्या, नि सगळा त्या एका सुतावर! श्वास गेला की मी देवाचं नाव विसरे, आला की अंगावर काटा येई. कोण आणत होतं तो परत? मी नाय, लखमा नाय. मी नुसती बघत होते नि घाबरत होते.

दवाखान्यात सलाईन लावलं, नळी लावली. डॉक्टरीणबाई म्हणाली, "एकदम एवढी पोटात गेली की माणूस झोपला तरी ती रक्तात चढतच राहते. श्वास मंदावतो, साखर उतरते. झोपून उतरेल म्हणून ठेवला असतात, तर उठलाच नसता."

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आली तेव्हा जगननं डोळे उघडले. मी रातभर शिव्या जुळवून ठेवल्या होत्या, एकापेक्षा एक.

"ताई," म्हणाला, "पाणी."

शिव्या कुठल्या कुठं गेल्या. मी थोरली बहीण, पण वाकले नि त्याच्या पायांवर डोकं ठेवलं.

"अगो, काय करतेस? पाप लागंल मला!" तो पाय ओढायला लागला.

"गप पड रे," म्हटलं. "जित्ता हायस तू. मला पाया पडू दे."