सगळ्यांच्या ओठांची करवंटी

मित्रांनो, मी एक जुनी करवंटी आहे. चुलीत जळायचं, नाहीतर अंगणात लवंडून पावसाचं पाणी साठवायचं, एवढंच करवंटीच्या नशिबी असतं असं तुम्हांला वाटत असेल. माझ्या नशिबी माणसांचे ओठ आले.

कोरो बेटावरच्या एका वाकड्या माडावर मी वाढले. आपाकुकी नावाच्या माणसाने तो नारळ उतरवला, सोलला, फोडला. खोबरं खाऊन झाल्यावर त्याने मला फेकलं नाही. फुटक्या काचेने तासलं, ओल्या वाळूने घासलं, खोबरेल चोळून उन्हात ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चोळलं. असं आठ दिवस चाललं होतं. त्याची बायको लाइसानी दारातून म्हणाली होती, की या माणसाने माझ्या केसांना जन्मात इतकं तेल लावलं नाही. आपाकुकी हसला होता. त्या हसण्यातच मी गुळगुळीत झाले, काळी झाले, चमकू लागले.

मग त्याने मला राजधानीच्या शहरात, सुव्हाला नेलं. तिथे धक्क्याजवळ बेटांच्या जहाजांची तिकिटं देणारं एक ऑफिस होतं. तो तिथला सगळ्यांत जुना कारकून. त्या ऑफिसात मी सव्वीस वर्षं राहिले.

दर शुक्रवारी चार वाजले की तिकिटाची खिडकी बंद व्हायची. मागच्या गोदामात पोत्यांच्या कडेला चटई पसरली जायची. चटईवर तानोआ यायचा, म्हणजे चार पायांचं लाकडी भांडं. त्यात यांगोना कालवला जायचा, म्हणजे एका झुडपाच्या मुळीची पूड पाण्यात घालून केलेलं, अंग सैलावणारं पेय. हे काम वाइसाकेचं. तो माल चढवणारा माणूस, हात फावड्याएवढे, पण फडक्यात बांधलेली पूड अशी पिळायचा की जणू तान्ह्या मुलाचं दुपटं पिळतोय. पाणी मातकट झालं की तो मला त्यात बुडवायचा आणि मी निघायचे. पहिली वाटी आपाकुकीची, कारण तो वयाने मोठा. मग पुढचा, मग पुढची. घेणाऱ्याने एक टाळी वाजवायची, एका दमात मला रिकामी करायचं, आणि सगळ्यांनी मिळून तीन टाळ्या वाजवायच्या. अकरा माणसं आणि मी एकटी.

एक टाळी आधी गं, तीन टाळ्या नंतर,
रिती होते मी, तेव्हा मिटतं अंतर.

आणि खरंच मिटायचं. आठवडाभर कुणाची रजा कुणी ढापली, कुणाच्या हातून कुणाचं खोकं फुटलं, यावरून जी तोंडं वळलेली असायची, ती माझ्या एकाच काठाला लागायची. मी डोळ्यांनी कुणाला ओळखत नव्हते. मला ओठ कळायचे. वाइसाकेचे जाड आणि घाईचे. तिकीट खिडकीवरच्या शलेश्नीचे पातळ. ती आधी नाक मुरडायची आणि मग सगळ्यांच्या आधी संपवायची. आपाकुकीचे कोरडे आणि शांत. येणारे कप्तान मला हातात फिरवून म्हणायचे, अशी करवंटी कुठल्याच ऑफिसात नाही. मी फुगायचे. का फुगू नये?

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. वाइसाके कांदावू बेटाचा. त्याच्या गावाचं आणि आपाकुकीच्या गावाचं नातं थट्टेचं. दोन्ही गावांचा मूळपुरुष एकच मानतात, त्यामुळे एकमेकांना वाटेल ते बोलायची मुभा. समोरच्याने रागवायचं नाही. रागावला तर तो हरला. इतक्या वर्षांत वाइसाकेने आपाकुकीच्या टकलाला, चालीला आणि सासुरवाडीला नावं ठेवली, आणि आपाकुकीने त्याच्या आळशीपणावर गाणी रचली. दोघं थट्टेवरच जगत होते.

मग रोग आला. भिंतीवर कागद लागला, की यांगोना पिताना प्रत्येकाने आपापला पेला आणावा. त्या शुक्रवारी बाकी सगळे रिकाम्या हाताने आले. कागद वाचून विसरले होते. एकटा आपाकुकी घरून पत्र्याचा मग घेऊन आला आणि नेहमीच्या जागी न बसता दाराजवळ बसला.

वाइसाकेला आयतं सापडलं. तो म्हणाला, “बघा रे, कोरोचा म्हातारा स्वतःचं भांडं घेऊन आलाय. आमच्या थुंकीची किळस यायला लागली, का बायकोने दूध प्यायला दिलंय?”

सगळे हसले. आपाकुकीही हसला. त्याने तो पत्र्याचा मग मागे सरकवला, एक टाळी वाजवली, आणि मला ओठांना लावलं. मग मी फिरले. पुढची, पुढचा, दहा जण.

सोमवारी ऑफिस उघडलंच नाही. जहाजं बंद झाली. मी खिळ्याला टांगलेली होते, तशीच राहिले. माझ्यात आधी धूळ बसली, मग एका कोळ्याने जाळं विणलं. पालींखेरीज कुणाचा आवाज नाही. सहा महिने मी एकाही ओठाला लागले नाही.

एका सकाळी कुलूप वाजलं. माणसं परत आली आणि मला पहिला धक्का बसला. त्यांना ओठच नव्हते. प्रत्येकाच्या तोंडावर कापड. दारात लसीचं कार्ड तपासत होते, जमिनीवर उभं राहायला पिवळे गोल चिकटवले होते, तिकिटाच्या खिडकीला प्लास्टिकचा पडदा लागला होता. मी एकेकाला शोधत राहिले आणि मला कुणीच ओळखू येईना.

दुसरा धक्का लगेच बसला. शलेश्नीने हातात रबरी मोजे घातले, मला दोन बोटांनी उचललं, जसा मेलेला उंदीर उचलतात तसं, आणि उकळत्या पाण्यात टाकलं. कुणीतरी म्हणालं, ती करवंटी समुद्रात फेकून दे. ती म्हणाली, “काकांच्या हातची आहे. फेकणार नाही. पण ओठाला लावणारही नाही.” आणि तिने मला बिस्किटांच्या डब्यात घालून कपाटावर ठेवलं. डब्याच्या झाकणाला पोचा आला होता. त्या फटीतून मी ऐकत राहिले.

काकांच्या हातची, असं ती का म्हणाली, ते तेव्हा कळलं. आपाकुकी गेला होता. त्या शुक्रवारनंतर तिसऱ्या आठवड्यात. आमच्यातल्या तिघांना रोग झाला. शलेश्नीलाही झाला, आणि तिच्यापासून तिच्या सासूला. सासू बरेच दिवस प्राणवायूवर होती. आता घरी आहे, पण भिंतीला धरून चालते. आपाकुकीला पुरताना सहाच माणसं होती. त्याच्यासाठी ना मयताला आणतात त्या चटया आल्या, ना गाणी झाली.

मित्रांनो, करवंटीला थरथरता येत नाही. नाहीतर तो डबा खाली पडला असता. ज्या काठाचा मला अभिमान होता, त्याच काठावरून मी ते दुखणं फिरवलं होतं. कुणी मुद्दाम केलं नाही म्हणून झालेलं पुसलं जात नाही.

आणि वाइसाके कामावर आलाच नव्हता. त्याने निरोप पाठवला होता, की माझ्या जागी दुसरा माणूस बघा. मॅनेजर म्हणाले, शुक्रवारपर्यंत वाट बघतो, त्यानंतर माझा इलाज नाही, पहिलं जहाज शनिवारी सुटतंय आणि गोदामात माल पडलाय. घरात तीन मुलं असलेला माणूस काम सोडून बसला होता, कारण त्याला वाटत होतं की म्हातारा स्वतःचा मग घेऊन आला होता, आपल्या टोमण्याने तो बाजूला ठेवला गेला, आणि म्हणून म्हातारा गेला.

शलेश्नी लागोपाठ दोन दिवस बस बदलत त्याच्या घरी गेली. परत येऊन ती सगळ्यांना सांगत होती, ते मी ऐकलं. पहिल्या दिवशी तो बाहेर आलाच नाही. दुसऱ्या दिवशी पायरीवर बसला आणि म्हणाला, लाइसानीकाकू शुक्रवारी कोरोचं तिकीट घ्यायला येणार आहेत, त्या बेटावर गेल्या की मला माफी मागायला माणूस उरणार नाही, पण मी कुठल्या तोंडाने येऊ? शलेश्नीने त्याला सुनावलं, “ज्या तोंडाने टोमणा मारलास, त्याच तोंडाने ये. दुसरं कुठून आणणारेस?”

शुक्रवारी चार वाजता खिडकी बंद झाली. शलेश्नीने मला डब्यातून काढलं, धुतलं आणि तानोआशेजारी चटईवर ठेवलं. नुसतं ठेवलं. सगळे आपापले पेले घेऊन बसले होते.

वाइसाके आला तो उभा चालत आला नाही. उंबऱ्यापासून गुडघ्यांवर सरकत आला. त्याच्या ओंजळीत ताम्बुआ होता, विणलेली दोरी बांधलेला, देवमाशाचा पिवळा पडलेला दात. ज्याचं आपण वाईट केलं त्याच्यापुढे हा दात धरून खाली बसायचं. समोरच्याने हात पुढे करून घेतला, तर माफी मिळाली. नाही घेतला, तर तसाच घेऊन परत जायचं. त्या एका दातावर त्याचं पुढचं सगळं आयुष्य टांगलेलं होतं.

लाइसानी काळ्या कपड्यांत आली. बरोबर एक गाठोडं. वाइसाकेने मान खाली घातली आणि त्याच्या तोंडून पहिलं वाक्य अर्धंच निघालं.

तेवढ्यात लाइसानीही खाली बसली. नुसती बसली नाही, तर उंबऱ्याशी, त्याच्याहून मागे, त्याच्याहून खाली. तिने गाठोडं सोडलं आणि त्यातून दुसरा ताम्बुआ काढला.

असं कुणी कधी पाहिलं नव्हतं. माफी मागणारा खाली बसतो आणि देणारा वर. इथे दोघंही खाली, दोघांच्या ओंजळीत दात, आणि घ्यायला वर कुणीच नाही. मॅनेजर उठले, पुन्हा बसले.

लाइसानी हळू आवाजात बोलली. “त्याला गुरुवारपासूनच ताप होता. मला माहीत होतं. शर्टाला इस्त्री मीच करून दिली. तो म्हणाला, मी आजारी आहे म्हटलं तर खिडकी बंद करतील, बेटांवर जाणारी माणसं अडकतील, मी जातो, स्वतःचा मग नेतो आणि लांब बसतो. मी त्याला अडवलं नाही. वाइसाके, तुझ्या टोमण्याच्या आधीच तो आजारी होता. तू त्याला मारलं नाहीस. आम्ही दोघांनी तुमच्या घरांत दुखणं धाडलं.”

आणि मित्रांनो, तेव्हा मला ते आठवलं. त्या शुक्रवारी त्याचे ओठ गरम होते. उन्हात तापलेल्या दगडासारखे. सव्वीस वर्षांत ते तसे कधीच नव्हते. मला वाटलं होतं, तो उन्हातून आला असेल. इतके ओठ ओळखण्याचा मला केवढा ताठा, आणि ज्याने मला घडवलं त्याचेच ओठ मला कळले नाहीत. तो पत्र्याचा मग त्याने स्वतःला वाचवायला आणला नव्हता. आम्हांला वाचवायला आणला होता. आणि थट्टेच्या नात्यात त्याला नाही म्हणता आलं नाही.

वाइसाके वर बघेना. लाइसानीच गुडघ्यांवर पुढे सरकली, तिने त्याच्या ओंजळीतला दात घेतला आणि म्हणाली, “घेतला. आता रडणं बंद कर. कांदावूची माणसं रडताना फार कुरूप दिसतात. तो असता तर त्याने यावर गाणं केलं असतं.”

वाइसाके हसला की हुंदका आला, ते कापडामुळे कळलं नाही.

तिचा दात मात्र अजून तिच्याच हातात होता. तो कुणी घ्यायचा? सगळ्यांनी शलेश्नीकडे पाहिलं, कारण दुखणं तिच्या घरात शिरलं होतं. ती पुटपुटली, की मी तुमच्या रीतीतली नाही, मला यातलं काही येत नाही. लाइसानी म्हणाली, “हात आहेत ना? मग येतं.”

मला वाटतं, शलेश्नीला भिंत धरून चालणारी सासू दिसत असावी. मग तिने दोन्ही हात पुढे केले. “काकू, सासूबाईंच्या वतीने मी नाही घेऊ शकत. त्यांना तुम्ही स्वतः भेटा. माझ्या वतीने घेते.” आणि तिने घेतला. लाइसानी म्हणाली, सकाळी जहाजाच्या आधी भेटून जाईन.

माफी झाली की यांगोना प्यायचा, त्याशिवाय ती पुरी होत नाही. वाइसाके सवयीने आपल्या जागी जाऊन बसला, पूड पिळली, मला भरलं आणि लाइसानीच्या ओठांपाशी नेऊ लागला. मध्येच त्याचा हात थांबला. त्याने मला तिच्यासमोर ठेवलेल्या पेल्यावर वाकवलं आणि ओतलं. मग पुढच्याच्या पेल्यात, मग पुढच्या. अकराव्या माणसापर्यंत मी गेले आणि एकाही ओठाला लागले नाही. तरी तीन टाळ्या वाजल्या.

शनिवारी सकाळी कोरोच्या जहाजावर माल वाइसाकेनेच चढवला.

तर मित्रांनो, माझं मागणं लहान आहे. अंगात कसकस असेल, तर “आज मी येत नाही” असं म्हणा. त्याने कुठलंही जहाज बुडत नाही. आणि कुणी लांब बसला, वेगळा पेला घेऊन आला, तोंडावर कापड बांधून आला, तर हसण्याआधी त्याला एकदा विचारा, का रे, बरं आहे ना तुला? ती दहा माणसं आणि मी, त्या दिवशी आम्ही सगळे त्याच्या जवळ होतो. एकानेही विचारलं नाही.