मालुबाईची ओळ

खासबागेत आण्णाप्पाच्या सोप्यात पायानं चालवायचं छपाईयंत्र होतं. ते इतकं खोडकर, की एकदा आत घुसलेल्या कोंबडीवर लग्नपत्रिका उमटली आणि ती कोंबडी फिरली त्या तीन गल्ल्यांतली माणसं आहेर घेऊन मांडवात हजर झाली. यात खोटं असलंच, तर कोंबडीच्या रंगापुरतं. आण्णाप्पा पाय मारायचा, बायको मालुबाई कागद लावायची. यंत्र अडलं की ती चार शिव्या हासडायची. ते मुकाट चालायचं.

त्या सकाळी शिव्या द्यायला ती नव्हती. तिला जाऊन आठ दिवस झाले होते आणि तिच्याच उत्तरकार्याची पत्रिका छापायची होती. तिचा धाकटा भाऊ मष्णू दुपारच्या गाडीनं ती खानापूरला, माहेरी नेणार होता. पत्रिकेत सगळं लख्ख उठायचं, तिच्या नावाची ओळ तेवढी पुसट.

"शाई कमी पडली आसंल, दाजी."

शाई वाढवली. पुसटच. रूळ घासलेटानं धुतले, स्क्रू पिळले. तरी पुसटच.

"तुझ्या भनीगत हाय हे. रुसलं की बोलत न्हाय."

"ती रुसायची ते तुमच्यापायीच की."

दाब पडावा म्हणून आण्णाप्पानं त्या ओळीपुरता कागदामागं पातळ तुकडा डकवला. पाचव्या वेळी ओळ काळीभोर उठली. "आता बघ."

मष्णूनं ओळ दोनदा वाचली. मग हळूच म्हणाला, "छपाई झ्याक हाय. पर दाजी, नावाम्होरं सौ. लागलंय."

आण्णाप्पानं कागद घेतला. सौ. मालुबाई. पाची कागद त्यानं उजेडात धरून पाहिले होते. दर खेपेला शाई पाहिली, अक्षर एकदाही वाचलं नव्हतं. दुसऱ्यांच्या घरचं 'कै.' तो डोळे मिटून उचलायचा. आज हात लग्नपत्रिकेच्या अक्षरांच्या खणात गेला होता.

"ऱ्हाऊ दे की. गाडीची येळ झाली. मान्सं समजून घेत्यात."

"न्हाय रं. पावणं हसत्याल. तिला हसत्याल."

त्यानं अक्षरांची जुळणी सैल केली. चिमट्यात 'सौ.' धरलं आणि धरूनच बसला. रूळ धुवायला लागला नव्हता एवढा वेळ त्या एका अक्षराच्या खिळ्याला लागला. मग 'कै.' बसवून त्यानं जुळणी पुन्हा चावीनं आवळली. मष्णू कागद लावू लागला. शंभर पत्रिका एका दमात निघाल्या, यंत्र कुठंही अडलं नाही. अडलं असतं तर आण्णाप्पा त्याला काही म्हणाला नसता.

"शाई वली हाय. घडी घालू नगंस," तो म्हणाला.

"आईला वाचता येत न्हाय," पत्रिका पिशवीत ठेवत मष्णू म्हणाला. "मलाच वाचून दाखवाय लागंल."

आण्णाप्पा शाईचे हात पुसत राहिला.

"मग नावाम्होरलं ते अक्षर सोडून वाच," तो म्हणाला. "तेवढं सोडून."