दुपारची हाक

येरमाळ्याजवळच्या वाशीच्या अलीकडं, रस्त्याला लागून वैजनाथ मास्तरांचं दोन खोल्यांचं घर आहे. बहात्तराव्या वर्षीही मास्तर पुस्तक स्वतःच लिहितात, स्वतःच छापून घेतात आणि येरमाळ्याच्या स्टँडवर पिशवीतून स्वतःच विकतात. कुठल्या प्रकाशकाच्या दारात उभं राहायचं नाही, हा त्यांचा बाणा. बाणा चांगलाच; पण प्रकाशक असता तर त्यानं एवढं तरी विचारलं असतं, की मास्तर, हा पोरगा विहिरीतून वर आला कसा?

त्या पोराचं नाव सिदू. धनगराच्या घरातला, सखूबाईंचा एकुलता एक. अठ्ठावीस वर्षांपूर्वी मास्तरांच्या घरामागच्या विहिरीत शेळी पडली म्हणून तो उतरला आणि शेळीसकट बुडाला. मास्तरांच्या कादंबरीत मात्र तो वर येतो, ट्रकात बसून हैदराबादला जातो आणि तिथं संसार मांडतो.

सखूबाईंना अक्षर येत नाही. कादंबरी आपल्या सिदूवर आहे एवढं कानावर आलं, आणि तेव्हापासून जेवण उरकलं की त्या काठी टेकत येतात, उंबऱ्याशी बसतात.

"वाचा मास्तर. कुठवर आलं माजं लेकरू?"

मास्तर चार पानं वाचतात. खरं सांगायचं तर पुस्तक दिवाळीतच वाचून संपलं. तेव्हापासून ते कोऱ्या वहीत बघून वाचल्यासारखं करतात. सिदूनं टेम्पो घेतला, सिदूच्या पोरीचे कान टोचले. थांबायचीच त्यांना भीती वाटते. थांबलं की घरामागून हाक येते.

"मास्तर!"

विहीर बुजवून वीस वर्षं झाली, मागच्या खिडकीला फळ्या ठोकून झाल्या. तरी रोज तीनच्या सुमाराला ती हाक येतेच, त्या दिवशी आली तशी, घाईची. त्या दिवशी मास्तर पहिल्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण लिहीत होते. गावात जो तो अर्ज लिहून घ्यायला, पत्र वाचून घ्यायला हाक मारायचा. असाच कुणीतरी असेल, एवढं वाक्य होऊ दे, म्हणून त्यांनी मान वर केली नाही. पुन्हा हाक आली तेव्हा वैतागून उठले आणि खिडकी लावून घेतली. पंचनाम्यात म्हणाले, मी काही ऐकलं नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात ते खोटं नाही. पण सांगायची छाती होत नाही. सांगितलं तर म्हातारी पुन्हा यायची नाही, आणि तिच्याशिवाय या घराची पायरी चढणारं दुसरं कुणी उरलेलं नाही.

परवा मास्तर सिदूला टेम्पोतून तुळजापूरला आणत होते. मध्येच त्यांच्या तोंडून निघालं, "सिदू खाली उतरला आणि त्यानं हाक मारली..."

हे त्यांना म्हणायचंच नव्हतं. त्यांनी वही मिटली.

"वाचा की," सखूबाई म्हणाल्या.

"वहीत काही नाही, सखूबाई."

"म्हाईत हाय. कोरा कागद मला बी वळखू येतो."

"मग रोज कशाला येता?"

"त्या दिशी सकाळी म्या हिकडनं गेले तवा तुमची मागची खिडकी उघडी व्हती. पोराला भाईर काढलं तवा लावलेली. तवापासून वाट बघतीया. मास्तर आज सांगतील, उद्या सांगतील." त्यांचा आवाज चढला नाही, त्याचंच मास्तरांना जास्त भय वाटलं. "काय म्हणला वो त्यो? माय म्हणला का?"

जन्मभर दुसऱ्यांच्या तोंडी वाक्यं घातलेल्या माणसाला इथं एकच शब्द घालायचा होता. म्हातारीला तोच हवा होता. मास्तरांनी तोंड उघडलं, पण तो शब्द काही बाहेर येईना.

"‘मास्तर’ म्हणाला," ते म्हणाले. "दोनदा. मी खिडकी लावली."

सखूबाईंनी पदरानं तोंड पुसलं.

"दोन हाकंत तुमी येताल आसं वाटलं आसंल त्याला. तिसरी मला मारली आसंल. ती तुमाला आयकू आली न्हाय. खिडकी लावली व्हती न्हवं."

काठी टेकत त्या निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. जेवण तसंच ठेवून मास्तरांनी फळ्या काढल्या आणि मागची खिडकी सताड उघडली. तीनच्या सुमाराला हाका आल्या, दोनच. तिसरीसाठी मास्तर दिवस मावळेपर्यंत कान लावून बसले.