ती पिशवी त्यांची नव्हती

मी पिशवी बोलतेय. भाजीची नव्हे, रक्ताची. तळाशी थोडं रक्त उरलंय, बाकी रिकामी. रक्तपेढीच्या टेबलावर पडून आहे, आणि आता माझा काही उपयोग नाही.

माझ्यात भरलं ते एका बसचालकाचं रक्त. गडी धडधाकट, पण सुई टोचताना डोळे घट्ट मिटून बसला. त्या दिवशी पांढऱ्या पेशी गाळून काढायच्या गाळण्या संपल्या होत्या, म्हणून मला तसंच फ्रिजमध्ये ठेवलं. गट तपासला, रोग तपासले. सगळ्यांत मी पहिल्या फटक्यात पास!

फ्रिजमध्ये एकोणचाळीस दिवस काढले. बाहेरून मी होते तशीच दिसायचे, आत मात्र पडझड चालू होती. त्या पांढऱ्या पेशी एकेक करून मरत होत्या, फुटत होत्या, आणि त्यांच्या पोटातला डीएनए माझ्यात सुटा तरंगत होता. असा सुटा डीएनए आत आला की आजारी शरीर उगाच खवळतं, असं काही डॉक्टर म्हणतात. काही म्हणतात, बाऊ करू नका. तपासणीच्या यादीत तो नाही, त्यामुळे कुणी पाहिलाच नाही. शिवाय बेचाळीस दिवसांपर्यंत आम्ही चालतो.

काल सकाळी एक शिंपीकाका आले. बायकोचं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं होतं आणि रक्तस्राव थांबत नव्हता. चष्मेवाल्या तंत्रज्ञ बाईंनी त्यांचं रक्त घेतलं.

"ताई, हेच तिला चढवणार ना? आमचा गट एकच आहे. दुसऱ्या कशात जुळलं नाही, रक्तात तेवढं जुळलं!"

"हो हो काका, पडून राहा जरा. चक्कर येईल," बाई हसून म्हणाल्या.

खरं तर काकांचं रक्त तपासून व्हायला दुसरा दिवस उजाडणार होता. आमच्याकडचा नियम असा, की नवी पिशवी मागच्या कप्प्यात जाते आणि सगळ्यांत जुनी आधी बाहेर पडते. पण घाबरलेल्या माणसाला हे समजावत कोण बसणार? बाईंनी त्यांची पिशवी आत ठेवली, मला बायकोच्या रक्ताशी जुळवून पाहिलं आणि डब्यात घालून काकांच्या हाती दिलं. मी बर्फासारखी गार. तरी त्यांना शंका आली नाही. जिवाच्या आकांताने ते धावत वॉर्डात गेले.

"अगं, माझंच आहे हे."

"अरे देवा! म्हणजे आता मीही तुमच्यासारखी घोरणार," ती पुटपुटली. काका किती दिवसांनी हसले.

पाऊण पिशवी गेली असेल, तेवढ्यात तिला हुडहुडी भरली. मग श्वास लागला. नर्सने धावत येऊन माझी नळी बंद केली. संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी शर्थ केली, पण ती वाचली नाही.

मला तपासणीसाठी परत इथे पाठवलं. आज चष्मेवाल्या बाई सुट्टीवर आहेत. मघाशी काका आपल्या मुलीला घेऊन खिडकीशी आले.

"माझ्या रक्तात काय खोट होती, साहेब?"

"रिपोर्ट आठ दिवसांनी मिळेल," खिडकीतल्या कारकुनाने मान वर न करता सांगितलं.

"आठ दिवसांनी काय करू मी त्याचं?"

काका मुलीकडे वळले. "तू कधी कुणाला रक्त देऊ नकोस गं. आपलं रक्तच वाईट. माझ्या हाताने नेऊन दिलं मी तिला."

"बाबा, असं नका ना बोलू," ती म्हणाली, पण तिने बाही मनगटापर्यंत खाली ओढून घेतली.

रिपोर्टमध्ये काय येणार ते मला ठाऊक आहे. दोष आढळला नाही. मग मला जाळून टाकतील. माझ्यामुळेच ती गेली, हे मलाही शपथेवर सांगता येणार नाही. पण काकांमुळे गेली नाही, एवढं पक्कं. त्यांची पिशवी मागच्या कप्प्यात आहे, तोंडोतोंड भरलेली.

कुणीतरी त्यांना हाक मारा हो. जिना उतरताहेत ते.